टोकियोतील एक दिवस: कॅप्सूल खेळणी, जुने सेल आणि एक झोपलेला कोल्हा

टोकियोत ॲनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टूनपटांच्या, वस्तू आणि नाणी टाकून मशीनमधून काढायची कॅप्सूल खेळणी यांच्या खरेदीसाठी एकच दिवस हाती असेल तर तो कुठे घालवावा, याबद्दल जाण्यापूर्वी मी जेवढे वाचले त्यात जवळजवळ सर्वत्र आकिहाबारा या भागाचे नाव पहिले होते. आम्ही मात्र, म्हणजे मी आणि माझी चौदा वर्षांची भाची, आकिहाबारा मुद्दाम शेवटी ठेवले. सकाळी इकेबुकुरो, दुपारी नाकानो आणि संध्याकाळी आकिहाबारा असा क्रम आखला आणि दिवस मंगळवारचा निवडला, कारण नाकानोतील बरीच दुकाने बुधवारी बंद असतात आणि शनिवार-रविवारी तिन्ही ठिकाणी पाय ठेवायला जागा नसते. हा क्रम इतका जमून आला की पुन्हा गेले तर त्यात काहीही बदलणार नाही.

इकेबुकुरो स्थानकाच्या पूर्वेकडील दारातून बाहेर पडून सनशाइन ६० या रस्त्याने चालत गेल्यास दहा-बारा मिनिटांत सनशाइन सिटी लागते. १९७८ साली सुरू झालेल्या या भल्यामोठ्या संकुलातील वर्ल्ड इम्पोर्ट मार्ट इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर गाशापोन डिपार्टमेंट स्टोअर आहे. २०२१ मध्ये ते उघडले तेव्हा एका जागी सर्वाधिक म्हणजे ३,०१० कॅप्सूल मशीन असल्याबद्दल गिनेस बुकात त्याची नोंद झाली. हा आकडा मला ठाऊक होता, पण आकडा ठाऊक असणे वेगळे आणि त्या आकड्याच्या मधोमध उभे राहणे वेगळे. पांढरी मशीन एकावर एक रचलेली, त्यांच्या गल्ल्या, प्रत्येकाच्या दर्शनी बाजूला आतील खेळण्यांचे चित्र, आणि सकाळचे दहा वाजून गेले असतील-नसतील तोच कुठून तरी मशीनची मूठ फिरवल्याचा कर्र आवाज. माझी भाची पहिल्या गल्लीच्या तोंडाशी थबकली आणि म्हणाली, "मावशी, आधी सगळं बघून घेऊ या. पैसे नंतर." तो सल्ला योग्य होता आणि आम्ही तो पाळला. पहिला अर्धा तास एकही नाणे न टाकता आम्ही फक्त फिरलो, आवडलेल्या मशीनचे फोटो काढले, आणि मगच खरेदीला लागलो. तीन हजार मशीनमध्ये एकदा पाहिलेले मशीन पुन्हा सापडत नाही, तेव्हा आजूबाजूची खूण येईल असा फोटो काढणे हाच उपाय आहे.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगते. मशीनला वीज लागत नाही. दर्शनी भागावर किंमत लिहिलेली असते, तेवढी १०० येनांची नाणी खाचेत एकापाठोपाठ एक बसवायची आणि मूठ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पूर्ण फिरवायची. नाणी पुरेशी नसतील तर मूठ हलत नाही. पुरेशी असतील तर आत दात्यांचा आवाज होतो, हाताला थोडा विरोध जाणवतो, आणि खालच्या तोंडात प्लॅस्टिकचा गोल येऊन पडतो. फिरवण्याचा आवाज 'गाचा' आणि पडण्याचा आवाज 'पोन', यांवरूनच ही नावे आली. गाशापोन हे बांदाई कंपनीचे नोंदणीकृत नाव आहे, तर ताकारा टोमी या दुसऱ्या खेळण्यांच्या कंपनीच्या बाजूने 'गाचा' हे नाव वापरले जाते. बोलताना बहुतेक लोक दोन्हींना गाचाच म्हणतात. ही मशीन जपानमध्ये १९६५ साली अमेरिकेतून आली, तेव्हा एका फेरीला १० येन पडत. १९७७ मध्ये बांदाई या धंद्यात उतरली ती १०० येनांचे मशीन घेऊन, आणि त्या काळाच्या मानाने ती किंमत चढी होती. आज ३०० ते ५०० येन हा नेहमीचा भाव आहे, आणि हजार येनांच्या वरचीही मशीन दिसतात.

नाण्यांची तयारी हा या खरेदीचा सगळ्यात व्यावहारिक भाग आहे. रोख पैशांशिवाय चालणारी मशीन आता ठिकठिकाणी आली आहेत, तरी बहुसंख्य मशीनना १०० येनांचेच नाणे लागते. आम्ही इकेबुकुरोत ४,००० येनांचे सुटे केले, म्हणजे ४० नाणी. एक नाणे ४.८ ग्रॅमचे असते, त्यामुळे भाचीच्या गळ्यातील छोट्या पिशवीत जवळजवळ दोनशे ग्रॅमचे ओझे झाले. हे ओझे हलके होत जाणे हाच खर्चाचा हिशेब असतो. दिवसभराचे पैसे आधीच सुटे करून एकाच पिशवीत ठेवावेत आणि ती रिकामी झाली की थांबावे, हे मी बरोबर मुले असलेल्या प्रत्येकाला सांगेन. तीनशे-चारशे येन दर खेपेला क्षुल्लक वाटतात आणि मोजायचे राहून जातात.

आता मालाबद्दल. कॅप्सूलमधून निघणारी वस्तू म्हणजे जत्रेतील टाकाऊ प्लॅस्टिक, अशी कुणाची समजूत असेल तर ती इथे पहिल्याच खेपेला दूर होते. १९९९ साली एका चॉकलेटच्या अंड्यातून काइयोदो या कंपनीने घडवलेले जपानी प्राण्यांचे छोटे पुतळे निघू लागले आणि त्या अंड्यांनी देशभर वेड लावले. एवढ्याशा वस्तूतही शिल्पकाराचा हात दिसू शकतो आणि गिऱ्हाईक त्यासाठी पैसे मोजते, हे त्यातून सिद्ध झाले, आणि त्यानंतर कॅप्सूलच्या मालाची अपेक्षाच बदलली. आम्ही ४०० येनांना घेतलेल्या पहिल्या कॅप्सूलमधून वळून झोपलेले एक पाणमांजर निघाले. अंगठ्याच्या पेराएवढे. मी ते खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिले. पोटाकडची फर पाठीपेक्षा फिकट होती आणि दोन रंगांची सीमा ब्रशने ओढलेली नव्हती, फवाऱ्याने विरत गेलेली होती. डोळ्यांच्या जागी एकेक बारीक वळणदार रेघ होती आणि डाव्या पंजाखाली शेपटीचे टोक दाबले गेले होते, जे वस्तू उलटी केल्याशिवाय दिसत नाही. जो भाग कुणी पाहण्याची शक्यता नाही तोही कुणीतरी घडवला होता. दोष शोधलाच तर कानामागे साच्याच्या जोडाची एक धार राहिली होती. चारशे येनांत मला त्याबद्दल तक्रार नाही.

या मालिकेत पाच प्राणी होते: पाणमांजर, घुबड, ससा, तानुकी (कुत्र्याच्या कुळातील एक जपानी रानटी प्राणी) आणि कोल्हा. भाचीला कोल्हा हवा होता. तिने पाच वेळा मूठ फिरवली आणि पाणमांजर, घुबड, पुन्हा पाणमांजर, ससा आणि तानुकी असे निघाले. कोल्हा आला नाही. पाचवी कॅप्सूल उघडताना तिने डोळे मिटून घेतले होते, आणि उघडल्यावर ती काहीच बोलली नाही, फक्त तानुकीला इतरांशेजारी नीट बसवले. मला वाईट वाटले, आणि सहावी खेप माझ्या पैशाने करू या असे म्हणायचा मोह झाला. त्याऐवजी आम्ही बाजूला बसून गणित केले. पाचही प्रकार सारख्या प्रमाणात आहेत असे धरले तर पाच खेपांत हवा तो एक प्रकार न येण्याची शक्यता जवळजवळ ३३ टक्के असते, म्हणजे तीनांतील एकाच्या नशिबी हेच येणार. संपूर्ण संच जमवायला सरासरी अकराहून अधिक खेपा लागतात, म्हणजे ४०० येनांच्या हिशेबाने साडेचार हजार येन. म्हणून माझे स्पष्ट मत असे की ज्या मालिकेतील कोणतीही वस्तू मिळाली तरी आनंद होईल, तीच मालिका कॅप्सूलमधून घ्यावी. एकाच वस्तूवर जीव जडला असेल तर मूठ फिरवू नये. तिच्यासाठी याच शहरात दुसरी वाट आहे, आणि ती आम्हाला संध्याकाळी सापडली.

इकेबुकुरोतील सेवेबद्दल चांगलेच सांगण्यासारखे आहे. एका मशीनमध्ये तिसरे नाणे अडकले आणि मूठ अर्ध्यात थांबली. जवळून जाणाऱ्या कर्मचारी मुलीला आम्ही खुणेने सांगितले. तिने किल्लीने पुढचा भाग उघडला, नाणे सोडवले, मूठ स्वतः एकदा तपासली आणि कॅप्सूल दोन्ही हातांनी भाचीच्या हातात दिली. सगळे दोन मिनिटांत झाले आणि भाषेची अडचण कुठेच आली नाही. रिकाम्या कॅप्सूल टाकण्यासाठी तिथेच पेट्या आहेत. जपानच्या रस्त्यांवर कचऱ्याचे डबे फारसे नसतात, त्यामुळे कॅप्सूल तिथेच उघडून कवच पेटीत टाकणे सोयीचे, नाही तर दिवसभर पोकळ गोळे वागवत फिरावे लागते. मात्र आतील घडीचा कागद टाकून देऊ नये. संचातील सगळे प्रकार त्यावर छापलेले असतात, आणि पुढे कुणाशी अदलाबदल करायची किंवा हुकलेला प्रकार शोधायचा तर तोच कामी येतो. एक गैरसोय आहे ती उंचीची: खालच्या ओळीतील मशीनसाठी दर वेळी उकिडवे बसावे लागते, आणि गुडघ्यांची तक्रार असलेल्यांना अर्धे दुकान परके राहते. चित्रांवरील मजकूरही बहुतांश जपानीत आहे, पण भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यातून भाषांतर करून घेतले की काम भागते.

तिथून चालत काही मिनिटांवर ॲनिमेटचे मुख्य दुकान आहे. १९८३ मध्ये याच इकेबुकुरोत सुरू झालेली ही साखळी आज देशभर पसरली आहे, आणि मुख्य दुकान २०२३ मध्ये वाढवून पुन्हा उघडले. मजल्यांमागून मजले नवा माल: मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, बॅज, ॲक्रिलिकच्या उभ्या प्रतिमा, फाइली, कपडे. ज्याला एखाद्या चालू मालिकेची ताजी वस्तू हवी आहे त्याने इथेच यावे. माझ्यासाठी मात्र इथला माल फार एकसारखा होता. तेच चित्र बॅजवर, तेच किल्लीच्या साखळीवर, तेच फाइलवर. शिवाय बॅजही बंद पाकिटात येतात, म्हणजे पुन्हा नशीबच. शेजारच्या नाका-इकेबुकुरो बागेत मी दोन मुलींना वहीएवढ्या प्लॅस्टिकच्या पानांत लावलेले बॅज समोरासमोर धरून अदलाबदल करताना पाहिले. दोघी आधी किंचित वाकल्या, मग एकमेकींच्या बॅजची पाठ तपासली, ओरखडे आहेत का पाहिले, आणि पुन्हा वाकून निरोप घेतला. दुकानातील तासाभरापेक्षा ही दोन मिनिटे मला अधिक काही सांगून गेली.

इकेबुकुरोहून शिंजुकू आणि तिथे गाडी बदलून नाकानो, हा प्रवास अर्ध्या तासाच्या आत होतो. नाकानो स्थानकाच्या उत्तरेकडील दारासमोरच सन मॉल ही छताची बाजारपेठ सुरू होते, आणि ती जिथे संपते तिथे नाकानो ब्रॉडवेचे दार आहे. १९६६ साली बांधलेली ही इमारत वरच्या मजल्यांवर घरे आणि खाली बाजार अशी आहे. आत शिरताच दिसणारा सरकता जिना मधला मजला टाकून थेट तिसऱ्यावर नेतो. त्याने नवख्या माणसाचा गोंधळ होतो, पण आपल्याला जायचे तिथेच तो सोडतो. घाई करून येण्यात अर्थ नाही, कारण इथली मुख्य आकर्षणे असलेली, जुना माल विकणाऱ्या मांदाराकेची दुकाने दुपारी बारानंतर उघडतात. सकाळ इकेबुकुरोला देण्याचे हेही एक कारण.

मांदाराके हे नाव जुना मांगा आणि जुनी खेळणी गोळा करणाऱ्यांना नवे नाही. १९८० साली मासुझो फुरुकावा या मांगाकाराने याच इमारतीत जुन्या मांगांचे एक छोटे दुकान काढले, आणि आज ब्रॉडवेच्या वेगवेगळ्या मजल्यांवर त्याची वीसहून अधिक दुकाने आहेत. एकात फक्त मांगा, एकात पत्र्याची जुनी खेळणी, एकात बाहुल्या, एकात चाहत्यांनी स्वतः छापलेली पुस्तके. चौथ्या मजल्यावरील एका दुकानाच्या वाटेवर देवळापुढे असतात तशा लाल कमानी उभ्या आहेत आणि त्यांच्या आत काचेमागे अशी खेळणी आहेत की ज्यांच्या किमतीपुढची शून्ये भाचीने बोट लावून मोजली. आम्ही ती फक्त पाहिली. पाहू देतात, घाई करत नाहीत, आणि घेणार नसलेल्या माणसालाही काचेजवळ उभे राहू देतात, हेच मला मोलाचे वाटले.

माझ्या दृष्टीने या संपूर्ण दिवसातील सर्वोत्तम गोष्ट म्हणजे इथल्या जुन्या मालावरील चिठ्ठ्या. वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत असते आणि पिशवीवर तिच्यातील उणीव लिहिलेली असते. चार शब्द ओळखता आले की निम्मे काम झाले. 'मिकाइफू' म्हणजे न उघडलेली वस्तू. 'हाको इतामी' म्हणजे खोक्याला इजा झाली आहे. 'केप्पिन' म्हणजे एखादा भाग नाही. 'हियाके' म्हणजे उन्हाने रंग उतरला आहे. मी पाहिलेल्या एका पुतळ्याच्या चिठ्ठीवर खोक्याच्या मागील कोपऱ्याला चीर असल्याचे लिहिले होते. ती चीर मला सापडायला मिनिटभर लागला, इतकी ती बारीक होती, आणि तेवढ्यासाठी किंमत उतरवलेली होती. ज्याला पुतळा कपाटात मांडायचा आहे, खोके जपायचे नाही, त्याने अशा इजा झालेल्या खोक्यांतील मालच शोधावा. भाचीने तिच्या आवडत्या मालिकेतील एका खेळाडूचा पुतळा असाच घेतला, आणि नव्या मालासाठी ठेवलेल्या पैशांतील निम्मे तिच्या पिशवीत उरले.

मी स्वतःसाठी एक सेल घेतला. याविषयी जरा थांबून लिहिते, कारण संगणकावर वाढलेल्या पिढीला ही वस्तू माहीत नसते. पूर्वी ॲनिमेचे प्रत्येक चित्र प्लॅस्टिकच्या पातळ पारदर्शक पानावर तयार होत असे, त्यालाच सेल म्हणतात: पुढच्या बाजूला रेघा, आणि रंग मागच्या बाजूने भरलेला. म्हणून सेल पुढून पाहिला की रंग सपाट, स्वच्छ आणि सारखा दिसतो. उलटा केला की खरे काम दिसते. रंगाचे थर, कुठे जाड, कुठे ब्रशची वळणे, डोळ्यातील पांढरा ठिपका आधी आणि त्याभोवतीचा रंग त्याच्यावर चढवलेला, म्हणजे चित्रकाराच्या नेहमीच्या क्रमाच्या नेमके उलट. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून स्टुडिओ संगणकावर रंगवू लागले आणि सेल संपत गेले. 'साझाए-सान' ही दीर्घ मालिका मात्र २०१३ पर्यंत सेलवर चालू होती. मी घेतलेल्या सेलमध्ये एक मुलगी खांद्यावरून मागे वळून पाहते आहे. मालिका विशेष प्रसिद्ध नाही, त्यामुळे ३,५०० येनांत मिळाला. वरच्या कोपऱ्यात क्रमांक लिहिलेला आहे आणि कडेला छिद्रांची पट्टी आहे, ज्यात खुंट्या बसवून कॅमेऱ्याखाली चित्र जागेवर धरत असत. पडद्यावर हे चित्र सेकंदाचा एक अंश दिसले असेल. तेवढ्यासाठी कुणीतरी त्या केसांचे तीन रंग वेगवेगळे भरले.

सेल घेताना दोन गोष्टी तपासाव्यात. जुन्या प्लॅस्टिकचे रसायन विघटित होऊ लागले की व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, आणि असा सेल इतर सेलजवळ ठेवणेही धोक्याचे असते. दुसरे म्हणजे मागे चिकटलेला रेखाटनाचा कागद. रंग ओला असताना तो चिकटलेला असतो, आणि ओढून काढायला गेले तर कागदाबरोबर रंगही निघतो. मला सेल दाखवणाऱ्या कर्मचाऱ्याने कापडी मोजे घातले होते, तो त्याने उजेडासमोर दोन्ही बाजूंनी धरला, आणि खालच्या कडेवरील रंगाची बारीक भेग स्वतःहून बोट दाखवून लक्षात आणून दिली. मी ती पाहिली नव्हती. हे सांगितले नसते तरी मी वस्तू घेतलीच असती, पण सांगितले म्हणून आता निश्चिंतपणे ती भिंतीवर लावली आहे.

करमाफीबद्दल थोडक्यात. एका दुकानात एका दिवशी कर सोडून ५,००० येनांची खरेदी झाली तर परदेशी पर्यटकाला १० टक्के उपभोग कर माफ होतो, आणि त्यासाठी पासपोर्ट प्रत्यक्ष जवळ लागतो, छायाप्रत चालत नाही. ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या पद्धतीत ही सूट दुकानातच मिळते. १ नोव्हेंबर २०२६ पासूनची पद्धत आधी कर भरून देश सोडताना परत घेण्याची आहे, म्हणून त्यानंतर जाणाऱ्यांनी विमानतळावर जास्तीचा वेळ राखावा. कॅप्सूलच्या मशीनला अर्थातच पासपोर्ट दाखवता येत नाही. ब्रॉडवे सोडण्याआधी एक गोड थांबा: तळघरातील डेली चिको या दुकानात आठ चवींचे थर एकावर एक चढवलेले आइस्क्रीम मिळते. ते दोघींत एक घ्यावे आणि ताबडतोब खावे.

नाकानोहून आकिहाबाराला जाणारी पिवळ्या पट्ट्याची गाडी वाटेत बदलावी लागत नाही आणि सुमारे २५ मिनिटांत पोहोचवते. युद्धानंतर रेडिओच्या सुट्या भागांचा बाजार म्हणून ही वस्ती नावारूपाला आली, मग घरगुती विजेच्या उपकरणांची पेठ झाली, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुतळे, खेळणी आणि ॲनिमे यांनी ती व्यापली. मोठमोठ्या पाट्या, संध्याकाळचा झगमगाट, दारात उभे राहून हाका मारणाऱ्या मुली, हे सगळे पाहण्यासारखे आहे, पण कॅप्सूल खेळण्यांसाठी कुणी फक्त इथेच आले तर त्याने इकेबुकुरो गमावले असे मी म्हणेन. अपवाद गाचापोन काईकानचा. सुमारे ५०० मशीनचे हे दुकान एका आडव्या गल्लीत आहे आणि इकेबुकुरोच्या तुलनेत लहान आहे, पण लहान असल्यामुळेच तासाभरात पूर्ण पाहून होते. संध्याकाळी पाय दुखत असताना ही मोठी सोय वाटते.

त्याच भागातील दुसऱ्या एका गल्लीत आमचा अनुभव मात्र वाईट आला, तो सांगणे आवश्यक आहे. तिथे फक्त मशीन होती, माणूस कुणीच नव्हता. सुटे देणाऱ्या यंत्राने २०२४ मध्ये चलनात आलेली १,००० येनांची नवी नोट तीन वेळा परत केली, आणि त्यावर तशी सूचना कुठेही लावलेली नव्हती. जवळच्या उरलेल्या नाण्यांवर काम भागवू म्हटले तर मशीनने ३०० येन गिळले आणि मूठ जागची हलली नाही. भिंतीवर केवळ एक दूरध्वनी क्रमांक होता. आम्ही फोन केला, पलीकडून लांबलचक ध्वनिमुद्रित जपानी सूचना आली, आणि आम्ही तो नाद सोडला. तीनशे येनांचे दुःख नाही, पण सकाळी त्याच प्रकारच्या अडचणीत दोन हातांनी कॅप्सूल देणारी मुलगी आठवली आणि माणूस असलेल्या दुकानातच पैसे टाकायचे, एवढे आम्ही ठरवून टाकले. नव्या नोटा असतील तर त्या स्थानकावर किंवा छोटी खरेदी करून आधीच मोडून घ्याव्यात.

शेवटचा थांबा रेडिओ काईकान. स्थानकाच्या इलेक्ट्रिक टाउन दारातून बाहेर पडले की समोरच त्याची पिवळी पाटी दिसते. जुनी इमारत पाडून बांधलेली सध्याची इमारत २०१४ मध्ये उघडली आणि तिच्यात मजल्यामजल्यावर पुतळे, पत्ते, बाहुल्या आणि प्रतिकृतींची दुकाने आहेत. काइयोदोचेही दुकान इथे आहे, आणि चॉकलेटच्या अंड्याची गोष्ट भाचीला सकाळीच सांगितलेली असल्यामुळे तिथे ती बराच वेळ रेंगाळली. पण ज्यासाठी मी कुणालाही इथे पाठवेन ते म्हणजे भाड्याच्या काचपेट्या. दुकानदार भिंतभर छोट्या काचेच्या पेट्या मांडतो, आणि कुणीही गोळा करणारा माणूस त्यातील एक पेटी भाड्याने घेऊन आपल्याकडील जादा वस्तू स्वतः ठरवलेल्या किमतीला विकायला ठेवतो. प्रत्येक पेटी म्हणजे एका अनोळखी माणसाचे कपाट आहे. कुणाच्या पेटीत फक्त आगगाड्या, कुणाच्या पेटीत एकाच पात्राचे वीस बॅज, कुणी प्रत्येक वस्तूखाली स्वतःच्या अक्षरांत चिठ्ठी लावलेली, कुणी सगळे दाटीवाटीने कोंबलेले. सकाळी मशीनने ज्यांना नको ते दिले त्यांच्या हातातील माल शेवटी इथे येतो, आणि ज्यांचे हवे ते हुकले ते इथे तो शोधतात.

भाचीने खिशातून सकाळच्या कॅप्सूलमधील कागद काढला आणि पेट्यांच्या रांगा एका टोकापासून पाहायला सुरुवात केली. मी दमून एका खांबाला टेकले होते. पंधरा-वीस मिनिटांनी तिने लांबूनच हाक मारली, "मावशी, ये ना लवकर!" गुडघ्याच्या उंचीच्या एका पेटीत, दोन बेडूक आणि एका चहाच्या किटलीच्या मागे, तो झोपला होता. शेपटीत नाक खुपसलेला कोल्हा, पारदर्शक पिशवीत, शेजारी घडी केलेला कागद. किंमत ७०० येन. मशीनमधल्या भावापेक्षा ३०० येन जास्त, पण खात्रीचा. आम्ही पेटीचा क्रमांक सांगितला, कर्मचारी किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला, आणि बेडकांना धक्का न लावता त्याने दोन बोटांनी कोल्हा उचलला.

विकणाऱ्याने पिशवीवर बारीक अक्षरांत काहीतरी लिहिले होते. भाषांतर करून पाहिले: डाव्या कानाच्या टोकावर रंगाचा एक ठिपका आहे. भाचीने पिशवी उजेडात धरून तो ठिपका शोधला, मला दाखवला, आणि गळ्यातील पिशवीतून सात नाणी मोजून दिली. पिशवीत त्यानंतर दोनच उरली होती.